तांदळाची रेघ, शेणाची भिंत

कसारा घाट चढून इगतपुरी मागे पडली की घोटी लागतं. रेल्वे आणि मुंबई-आग्रा रस्ता दोन्ही गावाला लागून जातात, आणि गावाचा सगळा डोलारा उभा आहे तो भातावर. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. घोटीहून सिन्नरच्या रस्त्याला लागलं की भाताची खाचरं हळूहळू विरळ होतात आणि बाजरीचा मुलूख सुरू होतो. पावसाच्या अशा काठावर वसलेल्या या बाजारपेठेत आजूबाजूच्या डोंगरांतलं भात उतरतं, गिरण्यांमध्ये भरडलं जातं आणि त्यातल्या काहीचे भट्ट्यांवर मुरमुरे होतात. कोळपीसारखे जुने वाण मागे पडले, मावळातल्या वडगावच्या संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणीनं त्यांची जागा घेतली, तरी व्यापार तांदळाचाच राहिला.

घोटीहून एक वाट वैतरणा धरणाच्या अंगानं त्र्यंबककडे आणि पुढे मोखाडा-जव्हारच्या डोंगरांत जाते. महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि वारली यांचा हा प्रदेश. या बाजूला तांदूळ ताटात जायचा तसा भिंतीवरही जायचा. वारल्यांच्या लग्नघरात तो पाण्यात वाटून त्याचा पांढरा रंग करत आणि गेरूनं लाल केलेल्या भिंतीवर त्यानं चौक लिहीत. आज जगभरच्या दालनांत ‘वारली चित्रकला’ या नावानं जे दिसतं, त्याचं मूळ या चौकात आहे. ती चित्रं त्रिकोणांची, वर्तुळांची, नाचणाऱ्या माणसांची म्हणून ओळखली जातात. पण चित्राखाली काय आहे, ते कशावर काढलंय आणि कशानं काढलंय, या अंगानं पाहिलं तर त्यांचा इतिहास वेगळाच दिसू लागतो.

कलेच्या दुनियेत ‘मिश्र माध्यम’ हा शब्द बराच चालतो. एकाच चित्रात तैलरंग, कागदाचे तुकडे, कापड, धातू, छायाचित्र असं काहीही एकत्र आलं की ते मिश्र माध्यम. युरोपीय कलेच्या पुस्तकांत ही गोष्ट बहुधा १९१२ पासून सांगितली जाते. त्या वर्षी पिकासोनं वेताच्या विणीचा छाप असलेल्या मेणकापडाचा तुकडा चित्रावर चिकटवला आणि चित्राला चौकट म्हणून दोर गुंडाळला. त्या वाटेनं पुढे पुष्कळ चित्रकार गेले. आयर्लंडमधलं एक उदाहरण पॅट्रिक स्कॉट यांचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या देशातल्या दलदलीच्या माळांची चित्रं काढली ती अस्तर न दिलेल्या कापडावर, पाण्यासारखा पातळ रंग सोडून. रंग कापडावर बसत नव्हता, त्यात मुरत होता. पुढे त्यांनी तशाच कोऱ्या, न रंगवलेल्या लिननवर सोन्याचा वर्ख चढवला. अलीकडच्या पिढीतले ह्यूई ओ’डॉनह्यू छायाचित्र आणि रंग यांचे थर एकमेकांवर चढवतात, कधी ताडपत्रीवरही चित्र रंगवतात. दोघांच्याही कामात चित्राखालचा पृष्ठभाग गप्प बसत नाही.

मराठी माणसाला हे सगळं परकं वाटण्याचं कारण नाही. तंजावरच्या मराठा दरबारात, विशेषतः दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात म्हणजे १७९८ ते १८३२ या वर्षांत, फणसाच्या लाकडाची फळी, तिच्यावर डकवलेलं कापड, खडूची भुकटी आणि डिंक यांचं उठावदार लिंपण, काचेचे खडे आणि सोन्याचा पत्रा अशा पाच-सहा गोष्टींतून देवदेवतांची चित्रं तयार होत. ते दरबारी, श्रीमंत मिश्र माध्यम. त्याच्या दुसऱ्या टोकाला वारल्यांची भिंत आहे. तिला लागणारं सामान घराच्या दोन-चार मैलांच्या आत मिळायचं आणि बहुतेक फुकट मिळायचं.

भिंतीची सुरुवात कारवीपासून होते. सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारं आणि सात वर्षांनी एकदा फुलणारं हे झुडूप. त्याच्या सरळ, हलक्या काठ्या तोडून आणायच्या, शेजारी-शेजारी उभ्या करून आडव्या बांबूच्या पट्ट्यांना बांधायच्या, की कूड तयार. मग चिखल आणि शेण एकत्र कालवून दोन्ही बाजूंनी लिंपायचं. शेणातले न पचलेले गवताचे धागे मातीला धरून ठेवतात, त्यामुळे वाळताना भेगा कमी पडतात. धान्याची कणगीही याच पद्धतीनं बांबूची विणून शेणानं सारवतात. म्हणजे भात साठवायचं भांडं आणि भाताच्या पिठानं रंगणारी भिंत, दोन्ही एकाच हातच्या.

लिंपण वाळलं की त्यावर गेरूचा हात. गेरू म्हणजे लोहयुक्त लाल माती. पाण्यात कालवून चिंधीनं फासली की भिंतीला दाट तपकिरी-लाल पाया मिळतो. पांढऱ्यासाठी तांदूळ भिजवून पाट्यावर वाटायचा, पाणी घालून सैल करायचा, त्यात थोडा डिंक. बांबूची किंवा शिंदीची काडी टोकाला चावून-ठेचून मऊ केली की कुंचला झाला. या काडीत रंग फार मावत नाही, त्यामुळे रेघा तुटक येतात आणि पुन्हा पुन्हा बुडवावं लागतं. शिवाय ओलं पीठ भिंतीवर फिकं, जवळजवळ अदृश्य दिसतं. वाळल्यावरच ते पांढरं उमटतं. काढणाऱ्या बाईला आपली रेघ पूर्ण दिसायची ती थोड्या वेळानं. वारली चित्रांत जी नेमकी, लहान लहान घावांची, ठिपक्यांची भाषा आहे, तिच्यात या काडीचा आणि या पिठाचा मोठा वाटा आहे.

चौक लिहायचा तो लग्नाच्या वेळी. भात झोडून घरात आलं, हातात चार दाणे आले की लग्नाचा हंगाम. घराच्या आतल्या भिंतीवर सवाशिणी चौकोन आखत. कडेला साखळी, दातेरी पट्टे, एकात एक बसवलेल्या रेघांची किनार, आणि मध्ये पालघट देवी. ती सुफलतेची देवता. तिच्याभोवती झाडं, सूर्य, चंद्र, फणी, शिडी, घोड्यावर बसलेले नवरा-नवरी. शेजारी एक लहान देवचौक, त्यात घोड्यावरचा पंचशिर्या. लग्न लावायचं काम धवलेरीचं. ही बाई गाणी म्हणत विधी चालवते. वारल्यांच्या पारंपरिक लग्नात भटजी नसतो. भगत देवांना बोलावतो. पालघट आली, असं मानल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही.

लग्न झालं की चौकाचं काम संपलं. तो पुसून टाकायची घाई कोणी करत नसे, जपायचीही नाही. चुलीचा धूर, पावसाळ्याची ओल, मुंग्या, वर्षाच्या सारवणाचा नवा हात यांतून तो आपोआप विरून जाई. या चित्रांचा संबंध भीमबेटकाच्या गुहाचित्रांशी लावून त्यांना हजारो वर्षांचं वय देण्याचा मोह अनेकांना होतो. आकृत्यांतलं साम्य डोळ्यांत भरतं, हे खरं. पण गुहेचा दगड टिकला, कारवीची भिंत टिकली नाही. जुना म्हणून दाखवता येईल असा चौक मुळात उरतच नाही. टिकून राहिली ती काढण्याची रीत, आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे गेलेली.

या पांढऱ्या रेघेमागे मात्र एक काळी बाजू होती. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलावरचा ताबा सरकारकडे गेला, डोंगर भाजून नाचणी-वरी पिकवण्याची मुभा आटत गेली आणि वारली सपाटीवरच्या जमीनदारांची कुळं बनले. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून खावटी घ्यायची आणि सुगीला ती वाढवून फेडायची. लग्नासाठी तर पैसा आणि धान्य दोन्ही हवं. वारली समाजात लग्नाचा खर्च परवडेपर्यंत जोडप्यानं एकत्र राहणं मान्य होतं. कधी मुलंबाळं झाल्यावर, कधी एकाच मांडवात अनेक जोडप्यांची लग्नं लागत, त्यामागे ही अडचणही होती. ज्यानं कर्ज काढून लग्न केलं, तो ‘लग्नगडी’ ठरे. तो आणि त्याची बायको सावकाराच्या घरी फुकट राबत, बहुतेकदा जन्मभर. पालघटेचा चौक उजळवणारं पीठ पुष्कळ घरांत उसन्या भाताचं होतं.

ही वेठ मोडली ती १९४५ मध्ये. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली, आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकारानं किसान सभेनं वेठबिगार आणि लग्नगडी बंद करण्याची हाक दिली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंनी या लढ्याची हकीकत पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली; १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. योगायोग असा, की के. जे. सावे यांचा वारली समाजावरचा इंग्रजी अभ्यासग्रंथही १९४५ मध्येच प्रसिद्ध झाला. एकाच वर्षी वारली माणूस अभ्यासाचा विषय झाला आणि मोर्चातला माणूसही. चित्रकार म्हणून त्याच्याकडे कोणी पाहायला आणखी पाव शतक जायचं होतं.

ते पाहणाऱ्यांत भास्कर कुलकर्णी यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. ते मुंबईच्या विणकर सेवा केंद्रातले चित्रकार. हातमागाच्या नक्षीसाठी चित्रकारांना नोकरीवर घेणाऱ्या या सरकारी केंद्रात एकेकाळी प्रभाकर बरवे यांच्यासारखे आधुनिक चित्रकारही काम करत होते. हस्तकलांच्या कामाची सूत्रं हाती असलेल्या पुपुल जयकर यांनी कुलकर्णींना आधी बिहारमध्ये मधुबनीला पाठवलं होतं. १९६६-६७ च्या दुष्काळात तिथल्या बायकांच्या हाती काहीतरी मिळकत यावी म्हणून भिंतीवरची चित्रं कागदावर काढून विकायची, अशी ती कल्पना. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तोच प्रयोग घेऊन कुलकर्णी डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आले. सोबत कागद.

कागद आला आणि एका झटक्यात बऱ्याच गोष्टी हलल्या. चौक लग्नाच्या मुहूर्ताला बांधलेला होता. कागदाला मुहूर्त नव्हता. भिंत घराला चिकटलेली होती. कागद गुंडाळून मुंबईला नेता येई. भिंतीवर काढणाऱ्या बायका विधीबाहेर चित्र काढायला फारशा उत्सुक नव्हत्या. कुलकर्णींना जो चित्रकार सापडला तो पुरुष निघाला, आणि तो लग्नाशिवायही, रोज, आपल्याच ओढीनं चित्रं काढत होता.

हा चित्रकार म्हणजे जिव्या सोमा म्हसे. त्यांचा जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेली आणि त्यांचं बोलणं जवळपास थांबलं; धुळीत रेघा ओढून ते आपलं म्हणणं सांगत. डहाणू तालुक्यातल्या गंजाड इथल्या कळंबीपाड्यावर त्यांचं आयुष्य गेलं. कागद हाती पडल्यावर त्यांनी चौकाची चौकट सोडली. पालघट मागे राहिली आणि पाडा पुढे आला: तारपा या वाद्याभोवती फिरणारा नाच, भाताची लावणी, मुंग्यांचं वारूळ, शिकार, आगगाडी. मासेमारीचं एक जाळं ते वारंवार काढत. सगळा कागद व्यापणारं, हजारो बारीक रेघांचं, आणि त्याच्या एका कोपऱ्यात ओढणारा इवलासा माणूस. एवढी बारीक वीण कुडाच्या खडबडीत भिंतीवर येणं कठीण. कागदानं त्यांना जाळं दिलं, असं म्हणता येईल.

१९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड दालनात त्यांचं प्रदर्शन झालं. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २००२ मध्ये शिल्पगुरू, २०११ मध्ये पद्मश्री. १९८८ मध्ये यशोधरा डालमिया यांचा वारल्यांच्या चित्रविश्वावरचा इंग्रजी ग्रंथ आला. त्यात चौक, धवलेरी आणि तिची गाणी यांची नीट नोंद झाली, नाहीतर बाजारात विकल्या जाणाऱ्या चित्रांच्या गर्दीत ती बाजू झाकली गेली असती.

पण कागदानं एक अडचणही उभी केली. तांदळाचं पीठ भिंतीवर ठीक, कारण भिंत हलत नाही. कागद गुंडाळला की पिठाला तडे जातात, पापुद्रे सुटतात, आणि कपाटात ठेवला तर किडे आधी पीठ शोधतात. विकत घेणाऱ्याला चित्र पिढ्यानपिढ्या टिकायला हवं असतं. म्हणून पांढऱ्यासाठी पोस्टर रंग आला, मग अ‍ॅक्रिलिक आलं. कागदाच्या जोडीला कॅनव्हास आला. आणि इथे म्हसे यांनी एक गोष्ट सोडली नाही: कॅनव्हासवर त्यांनी आधी शेणाचा हात फिरवला. त्यावर अ‍ॅक्रिलिकची पांढरी रेघ. लिलावांच्या आणि दालनांच्या सूचींमध्ये त्यांच्या अशा चित्रांपुढे ‘कॅनव्हासवर शेण आणि अ‍ॅक्रिलिक’ असं माध्यम छापलेलं असतं. कारखान्यातून नळीत भरून आलेला रंग आणि गोठ्यातून घमेल्यातून आलेलं शेण एका चौकटीत. कलासमीक्षक ज्याला मिश्र माध्यम म्हणतात, त्याचं याहून नेमकं उदाहरण महाराष्ट्रात मिळणं अवघड आहे.

या शेणाला अर्थ होता. त्यानं येणारा हिरवट-तपकिरी, किंचित खरखरीत पाया पांढऱ्या रेघेला धरतो. गुळगुळीत कॅनव्हासवर तीच रेघ कोरडी आणि पोरकी दिसते. भिंत गेली तरी भिंतीचा पोत हवा होता.

१९८९ मध्ये पॅरिसला पोंपिदू केंद्रानं ‘मॅजिसियाँ द ला तेर’ नावाचं भलंमोठं प्रदर्शन भरवलं. जाँ-ह्युबेर मार्तँ यांनी जगभरातले शंभरेक कलावंत एका छताखाली आणले, पाश्चात्त्य आणि बिगरपाश्चात्त्य असा भेद न करता. भारतातून गेलेल्यांत म्हसे होते, मधुबनीच्या बउआ देवी होत्या आणि गोंड चित्रकार जनगढसिंह श्यामही. त्याच प्रदर्शनात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांनी नुसत्या हातांनी चिखल फासून भिंतीवर प्रचंड वर्तुळ काढलं होतं. चिखल हे लाँग यांचं जुनं माध्यम. ब्रिस्टलच्या एव्हन नदीचा गाळ ते कामासाठी वापरत. पुढे २००३ मध्ये लाँग गंजाडच्या परिसरात आले, वारल्यांच्या शेतां-माळांवर चालले, तिथे आपली कामं मांडली, आणि त्यांचं व म्हसे यांचं एकत्र प्रदर्शन जर्मनीत ड्युसेलडॉर्फला झालं. शहरी कलावंत दालनातून निघून मातीकडे आला होता, आणि पाड्यावरचा चित्रकार मातीची भिंत सोडून दालनाकडे गेला होता. वाटेत दोघांची गाठ पडली ती चिखलाच्या आणि शेणाच्या पातळीवर.

या प्रवासात हरवलं काय, याचाही हिशेब मांडायला हवा. चौक काढणाऱ्या सवाशिणींची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत, कारण ती लिहायची नसतातच. कागदावर सही आली आणि पहिल्या फळीतल्या बहुतेक सह्या पुरुषांच्या होत्या. म्हसे यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू हेही चित्रकार झाले. बायकाही पुढे कागदावर चित्रं काढू लागल्या, पण जी कला संपूर्णपणे त्यांची होती, तिच्या जगजाहीर इतिहासात त्या उशिरा आल्या. १५ मे २०१८ रोजी म्हसे गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना वारली चित्रकलेचे जनक म्हटलं. त्यांच्या आधीच्या कितीतरी पिढ्यांच्या धवलेरींना हे ऐकून नवल वाटलं असतं.

भिंतही राहिली नाही. १९८५ पासूनची इंदिरा आवास योजना आणि २०१६ नंतरची प्रधानमंत्री आवास योजना यांनी डोंगराळ तालुक्यांत विटा-सिमेंटची घरकुलं उभी केली. पाऊस, साप आणि दरवर्षीच्या डागडुजीतून सुटका झाली, ते चांगलंच झालं. कुडाच्या घरात राहायची हौस फक्त पाहुण्यांना असते. पण सिमेंटच्या गिलाव्यावर शेण आणि गेरू यांची ती जुनी पकड नाही, आणि वर्षाला सारवण नाही म्हटल्यावर वर्षाला नवी कोरी भिंतही नाही.

गंमत म्हणजे चित्र स्वतः पुन्हा भिंतीवर गेलंय, मात्र दुसऱ्यांच्या. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाण्यातून वेगळा पालघर जिल्हा झाला, तेव्हा त्याची ओळख म्हणून हीच चित्रं पुढे आली. मुंबई-आग्रा रस्त्यानं कसाऱ्यापासून घोटीपर्यंत आणि पुढे नाशिकपर्यंत जाताना ढाब्यांवर, शाळांच्या कुंपणांवर, रिसॉर्टच्या प्रवेशद्वारांवर तांबड्या पार्श्वभूमीवरची ती पांढरी माणसं भेटतात. बहुतेक ठिकाणी तारप्याचा नाचच असतो, कारण तो पाहताक्षणी ओळखू येतो आणि कितीही लांबवता येतो. तारपा हे वाद्य दुधी भोपळा, बांबू, ताडाची पानं आणि मेण जोडून बनतं, हे ते काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असेलच असं नाही. पालघटेचा चौक या भिंतींवर सहसा दिसत नाही. काम चौरस फुटाच्या दरानं ठरतं, पांढरा रंग इमल्शनचा असतो, आणि ज्या तांबड्यासाठी पूर्वी गेरू कालवावा लागे, तो आता रंगाच्या दुकानातून डब्यात तयार मिळतो. डब्यावर नाव असतं ‘टेराकोटा’.